चढाईची उमेदवारी

संपादक महाशयांची फर्माईश अशी आली की, अमेरिकेतील फुटबॉलात ‘क्वार्टरबॅक’ नावाचा जो सूत्रधार असतो, त्या जागेवरच्या तरुणाला पहिल्या दिवसापासून मैदानात उतरवावे की एखाद्या मुरलेल्या खेळाडूच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करू द्यावी, यावर तिकडे जो अखंड वाद चालतो, तसा आपल्या कबड्डीत आहे काय, हे मी दिवाळी अंकाच्या वाचकांस ‘तांत्रिक भाग वगळून’ सांगावे. तांत्रिक भाग वगळून कबड्डीविषयी लिहिणे मला कितपत साधेल याची शंकाच आहे. तथापि हुकूम शिरसावंद्य मानून प्रयत्न करतो. अमेरिकेतील वादाचे स्वरूप मात्र दोन ओळींत सांगता येईल. ॲरन रॉजर्स 2005 साली संघात आला आणि ब्रेट फार्व्हच्या मागे तीन हंगाम बसून 2008 मध्ये मुख्य जागेवर उभा राहिला. उलटपक्षी पेटन मॅनिंगला 1998 साली आल्याबरोबर उतरवले, तेव्हा पहिल्याच हंगामात त्याने फेकलेले अठ्ठावीस चेंडू प्रतिपक्षाने झेलले. पुढे दोघेही थोर ठरले. दोन्ही पक्षांना असा तोलामोलाचा साक्षीदार मिळाल्यावर फिर्याद निकालात निघावी कशी?

आमच्याकडे हीच फिर्याद चढाईपटूच्या नावे दाखल होते. नीरा डाव्या कालव्याच्या काठाने बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी जी गावे लागतात, त्या टापूत यात्रा आणि शिवजयंती यांच्या निमित्ताने कबड्डीचे सामने भरवण्याची वहिवाट जुनी आहे. शाळेत व्यायामशिक्षक म्हणून, मैदानावर पंच म्हणून आणि निवृत्तीनंतर कोणी बोलावील तेथे मार्गदर्शक म्हणून माझे आयुष्य याच टापूत गेले. त्यामुळे येथल्या मुलांच्या पायांविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

गेल्या हिवाळ्यातील एक प्रकरण अद्याप मनातून जात नाही. कुमार गटात सर्वांना भारी पडलेला सतरा वर्षांचा एक मुलगा गावच्या मंडळाने खुल्या गटात मुख्य चढाईपटू म्हणून उतरवला आणि तिशी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टी बांधून का होईना पण डोक्याने खेळणाऱ्या जुन्या गड्याला बाहेर बसवले. पहिल्याच चढाईत मुलाने उजवा पाय बोनस रेषेकडे टाकला. कुमार गटात एवढ्याने कोपरारक्षक दचकून मागे सरतो; येथला कोपरारक्षक तसूभरही हलला नाही, पाय रेषेपलीकडे टेकेपर्यंत थांबला आणि टेकताक्षणी त्याने घोटा धरला. मुलगा मध्यरेषेकडे वळतो न वळतो तोच मध्यरक्षकाचा खांदा त्याच्या बरगडीवर आला. बोनसचा एक गुण मिळाला, पण चढाईपटू बाद झाला. पराभवाचे मला काही वाटले नाही, पराभव होतातच. परंतु त्या संध्याकाळपासून तो मुलगा चढाई ग्राह्य ठरण्यासाठी जी ओलांडावीच लागते ती ‘निदान रेषा’ ओलांडण्यापुरता आत जातो आणि रिकाम्या हाताने परत फिरतो. नियमबरहुकूम त्यात काही गैर नाही, आणि चढाईपटू म्हणून त्यात काही उरलेलेही नाही.

प्रेक्षक म्हणतात, ‘पोरगं घाबरलं.’ दूरदर्शनवर आणि मोबाईलवर कबड्डी पाहणाऱ्यांची अशी प्रामाणिक समजूत असते की चढाई म्हणजे उडी, आणि उडी मारण्याचे वय सतराच. मी हे मत सपशेल नामंजूर करतो. तो मुलगा घाबरला नव्हता. तो बाहेर बसून थंड झाला होता, आणि याचे मूळ आपल्या खेळाच्या घटनेतच आहे. ते सांगण्यासाठी थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे, संपादकांनी क्षमा करावी.

महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी तीन तऱ्हांनी खेळला जाई. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, केवळ प्रतिपक्षाला गुण मिळे, ‘गामिनी’त गडी एकदा बाद झाला की सारा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेर बसावे लागे, आणि ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत येई. आजचे नियम संजीवनीच्या पायावर उभे आहेत. हीच संजीवनी नवशिक्याला सर्वांत जाचक ठरते, असे माझे फार दिवसांचे मत आहे आणि पंच मंडळींच्या बैठकांत ते मी इतक्या वेळा मांडले आहे की, मी उठलो की कोणीतरी चहा मागवतो. ‘अमर’मध्ये पोरगा दहा वेळा मार खाऊन दहा वेळा शिकत असे, चूक आणि दुरुस्ती यांच्यात अर्ध्या मिनिटाचेही अंतर नसे. संजीवनीत तो बाद होऊन बाहेर बसतो, त्याला जिवंत करण्याचे काम इतरांच्या पकडीवर अवलंबून राहते, आणि मुख्य चढाईपटूच बाहेर असल्यामुळे गुण येत नाहीत, म्हणून तो अधिकच काळ बसतो. त्यात दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, हा अलीकडचा दंडक. म्हणजे परत येताच, अंग थंड असताना, सर्वांत कठीण चढाई बहुधा त्याच्याच वाट्याला येते. जुन्या गड्याला हे सोसते, कारण बसल्या जागी तो समोरच्यांच्या टाचा पाहत असतो: टाच उचललेली असली तर कोपरारक्षक झडप घालणार, टेकलेली असली तर तो वाट पाहतो आहे, साखळीतील हात सैल पडला तर त्या दोघांमधून वाट आहे. पोरगा बसल्या जागी गुणफलक पाहतो.

यावरून ‘मग त्याला दोन वर्षे राखीव ठेवा’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझे जमत नाही. टाच वाचण्याची विद्या बाकावरून येत नाही. ती तीस सेकंदांच्या चढाईत, दम टिकवीत, तीन-चार हातांच्या अंतरावरूनच येते. सात गड्यांच्या खेळात एक सोय अशी आहे की, शिकवणारा आणि शिकणारा एकाच वेळी मैदानात राहू शकतात. प्रो कबड्डीतील पुणेरी पलटण संघाचेच उदाहरण घ्या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार ‘युवा पलटण’मधून तयार होऊन प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात आला, तेव्हा संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर यांच्यासारखे नावाजलेले चढाईपटू होते आणि प्रशिक्षक होता अनुप कुमार. अस्लमला बाकावर ठेवले नाही आणि सारा भारही त्याच्या एकट्याच्या खांद्यावर दिला नाही. मोहित गोयतसारखा समवयस्क जोडीला होता. नवव्या हंगामात इराणच्या फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून 33–29 असा हरला. दहाव्या हंगामात नेतृत्व अस्लमकडे आले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाला 28–25 असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. त्याआधी काही महिने हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही अस्लम होता. प्रशस्त रस्त्याने, पण टप्प्याटप्प्याने, असा हा प्रवास झाला.

मात्र हे उदाहरण देताना मनात एक खोच राहतेच. पलटणकडे निवास आहे, वैद्य आहे, रोजचा सराव आहे. आमच्याकडे त्या मुलाच्या वडिलांनी मला जे सुनावले त्याला मजजवळ पुरते उत्तर नाही. ते म्हणाले, “गुरुजी, तुमचा जुना गडी अजून दोन वर्षं खेळंल, पण पोराचं भरतीचं वय काय थांबून राहतंय? राज्याचं सर्टिफिकेट नाही तर खेळाडूंच्या पाच टक्क्यांत त्याला कोण विचारतो?” गृहस्थ ऊसकरी आहेत. आडसाली उसाला अठरा महिने द्यावे लागतात, अगोदर तोडला तर उतारा बसत नाही, हे त्यांना मी काय सांगावे? त्यांचा हिशेब घराचा आहे, माझा खेळाचा. आणि शासकीय नोकरीचा अर्ज घराच्याच हिशेबाने भरावा लागतो. जुना गडीही काही साधुपुरुष नसतो. आपली जागा जाणार हे दिसत असताना विद्या मोकळ्या हाताने देणारे मी थोडेच पाहिले.

तरीही निकाल द्यायचाच तर तो असा: कुमार गटातून आलेल्या मुलाला खुल्या गटाचा पहिला हंगाम मुख्य चढाईपटू करू नये आणि बाहेरही बसवू नये. त्याला दुसरा चढाईपटू करावे. बोनस घेण्याची मोकळीक द्यावी, परंतु तिसरी, निर्वाणीची चढाई जुन्या गड्याने करावी. आणि या शिकवणीबद्दल जुन्या गड्याला मंडळाने बक्षिसाच्या रकमेतून मानधन द्यावे, म्हणजे त्याच्या औदार्यावर विसंबावे लागणार नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील यात्रा-कमिट्यांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामात खुल्या गटाच्या प्रत्येक संघात कुमार वयाचा एक तरी गडी सातांत असलाच पाहिजे, अशी अट त्यांनी प्रवेशपत्रिकेतच छापावी. याला खर्च काही नाही. छापखान्यात एक ओळ वाढेल एवढेच.