नेमलेले आणि निवडलेले

एखादे पुस्तक खपते तेव्हा ते वाचले जाईलच असे नाही, हे मराठीच्या प्राध्यापकांना कुणी सांगायला नको. परीक्षेसाठी नेमलेली कादंबरी आणि कुणीतरी आपण होऊन शोधत आलेली कादंबरी, दोन्हींची पावती सारखीच फाटते. साठ्याचे नियोजन करणाऱ्या आज्ञावलीला दिसते ती फक्त पावती.

माझ्या मामांचे कोल्हापुरात पुस्तकांचे दुकान आहे. तिथल्या नव्या आज्ञावलीने जुलैतला नेमलेल्या पुस्तकांचा खप हाच बारमाही वेग मानला आणि पुढच्या बारा महिन्यांच्या खरेदीच्या सूचनांनी पडदा भरून टाकला. शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की याच पुस्तकांची रद्दी होते, हे तिला कुठून कळणार! मामा म्हणाले, "तू मराठीचा ना? मग हिला जरा शहाणपण शिकव."

या शास्त्राचा एक जुना ग्रंथ जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य भेद मला साहित्यशास्त्रातल्या भेदाइतकाच रम्य वाटला. सायकली किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. ती मागणी स्वतंत्र. चाके किती लागतील याचा मात्र अंदाज बांधायचा नसतो, सायकलींची दुप्पट करायची असते. ती मागणी अवलंबी. नेमलेले पुस्तक म्हणजे चाक. म्हणून त्या पुस्तकांपुरते भाकीत बंद केले आणि महाविद्यालयांतून विद्यार्थिसंख्या विचारून ती हाताने भरायचे ठरवले. पुण्याहून गठ्ठा यायला आठवडा पुरतो, तेव्हा बारा महिने पुढे पाहण्याचे प्रयोजनच नव्हते. नियोजनाची मुदत तीन आठवड्यांवर आणली. मागवलेल्या पण वाटेत असलेल्या प्रतीही शिलकेत धरायला लावल्या. सूचनांची यादी एका पानात मावू लागली.

खरी अडचण त्या आटोपशीर पानातच होती. वर्षाकाठी एखादी प्रत जाणारे कवितासंग्रह, समीक्षेची पुस्तके त्यावरून नाहीशी झाली. खांडेकरांच्या 'ययाती'ला (१९५९) धोका नव्हता. तिला गिऱ्हाईक असतेच. पण ज्या पुस्तकाचा तीन आठवड्यांतला अपेक्षित खप शून्याच्या आसपास, ते संपले की पुन्हा मागवले जाणार नाही. मग मांडणीवर नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून मांडणीवर नाही. अतिरिक्त खरेदी टाळणारी तीच कळ अशा रीतीने वाङ्मयाचा इतिहासही आखडून टाकते. आपल्याकडे समीक्षकांनी कुणाला वगळले यावर परिसंवाद होतात. मुदतीच्या रकान्यातल्या एका आकड्यावर कोण बोलणार?

यावर उपाय एकच होता: निवडक पुस्तकांपुढे 'किमान साठा: १' असे लिहायचे, म्हणजे खप असो वा नसो, शेवटची प्रत गेली की दुसरी येते. मी चाळीस नावे दिली. एकेक प्रत म्हणजे अडकलेले भांडवल, असे म्हणत मामांनी त्यांतली तेरा खोडली आणि चार आपल्या मनची घातली. त्यांतली दोन मी वाचलेली नाहीत.