ओलाव्याची टिपणं

ऑक्टोबरात अकोला, अमरावतीच्या बाजार समित्यांत सोयाबीनचे ढीग पडतात, तेव्हा भावाआधी कानावर येतो तो एकच शब्द : मॉइश्चर. जाणती माणसं आधी दाणा चावून पाहतात. कट्‌कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मग मीटर निघतं.

*

हे मीटर पाणी थेट मोजत नाही, दाण्यांत विजेचा भार किती साठतो ते मोजतं. पाण्यात तो खूप साठतो, कोरड्या दाण्यात अगदी थोडा. पण दाणे उन्हानं तापलेले असले किंवा मीटरचा पेला ठासून भरला, की आकडा हलतो. म्हणून मीटर अधूनमधून ओव्हनमध्ये वाळवलेल्या नमुन्याशी पडताळावंच लागतं.

*

15 टक्के ओलाव्याचं क्विंटलभर सोयाबीन 12 टक्क्यांवर आणलं तर उरतं 96.6 किलो. घट 3 किलोची नाही, 3.4 किलोची. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांची अट. 2024 च्या हंगामात केंद्रानं ती 15 वर नेली.

*

तेलाच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये सोयाबीनच्या पापडीतून हेक्झेननं तेल काढतात. उरते ती तेल काढलेली पेंड, म्हणजे डीओसी. तिचा भाव प्रथिनांवर. प्रयोगशाळेत तेल, प्रथिनं, ओलावा काढायला तास जातात. तोवर कित्येक टन माल पुढे सरकलेला असतो. यावर उपाय निअर-इन्फ्रारेड प्रकाशानं मोजण्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी 1960 च्या दशकात धान्यासाठी तो रुळवला. पाणी 1940 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, तेल 2310 च्या. पट्ट्यावर सेन्सर बसवला की काही सेकंदांत आकडा येतो आणि ड्रायरची वाफ लगेच कमी-जास्त करता येते. मात्र त्याला दिसतो तो वरचा थर. काचेवर धूळ बसली तरी आकडा बिघडतो.

*

डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून मुरवतात. ओलावा चुकला की साल सुटत नाही, नाहीतर चुरी वाढते. मिस्त्री मूठभर दाणे तळव्यात चोळून ठरवतो. ही पारख मोलाची आहे. यंत्र आलं तरी ते जुळवायला हाच माणूस लागेल.

*

कारखाना स्वतःचा माल वाहता वाहता मोजतो. शेतकऱ्याच्या चाळीस कट्ट्यांचा निकाल मात्र एका मुठीवर. हे बरोबर नाही. बाजार समित्यांनी पडताळणीची तारीख लिहिलेलं मीटर फाटकाजवळच ठेवावं, हर्रासाआधी. आणि शेतकरी मित्रांनो, नमुना एका कट्ट्यातून काढू देऊ नका. पाच-सहा कट्ट्यांतून, वरून आणि तळातून काढायला लावा.