गाडी त्यांची, हात दुसऱ्याचे

घरातील वृद्ध माणसाला खेळात मुद्दाम जिंकू देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पत्त्यांच्या डावात हुकूम हातात दाबून ठेवायचा, कॅरमवर भोकाच्या तोंडाशी आलेली सोंगटी सोडून द्यायची आणि वर "आज आजोबांचा हात काय लागलाय!" असे म्हणायचे. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्याने आयुष्यभर आपल्या कामाच्या बळावर मान मिळवला, त्याला अशी दिलेली जीत चटकन ओळखू येते. तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी "तुम्ही खेळा, मी बघतो" म्हणून बाजूला सरकतो. आजारी माणसाचे हे बाजूला सरकणे शुश्रूषा करणाऱ्यांनी विश्रांती समजू नये.

माझ्या यजमानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, जडून सहा वर्षे झाली. त्याआधी चौतीस वर्षे ते एस. टी. च्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत होते. मी शाळेत गणित शिकवत असे. आमच्या नातवाकडे 'फोर्झा होरायझन ५' नावाचा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम आहे. २०२१ मध्ये आलेला हा खेळ मेक्सिकोच्या रस्त्यांवर घडतो आणि त्यात शेकडो खऱ्या मोटारी आहेत. नातवंडांनी हौसेने आजोबांच्या हाती कंट्रोलर दिला. कंपामुळे गाडी दर वळणावर भिंतीला घासू लागली, तेव्हा मुले आपल्या गाड्या हळू करून त्यांना पुढे जाऊ देऊ लागली. दोन डावांनंतर यजमानांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. "मुद्दाम ब्रेक मारतात, मला दिसतं," एवढेच ते मला म्हणाले.

खेळाची फोड

या खेळात गाडी चालवण्याखेरीज आणखी एक काम असते. मुले त्याला 'ट्यूनिंग' म्हणतात. आपण जुळणी म्हणू. चाकांत हवा किती भरायची, स्प्रिंग किती कडक ठेवायची, चाकाचा कल किती द्यायचा, गिअरचे प्रमाण काय ठेवायचे, ब्रेकचा जोर पुढे अधिक की मागे, हे सारे आकड्यांनी ठरवता येते. बहुतेकांच्या दृष्टीने हे कंटाळवाणे पान असते. यजमानांच्या दृष्टीने ते एकच पान ओळखीचे होते. पडद्यावरची चाकाच्या कलाची आकृती पाहून ते म्हणाले, "एवढा कल दिला तर टायर आतून झिजेल." नातवाने शर्यतीचा आलेख उघडून दाखवला. टायरची आतली कड खरोखरच बाहेरच्या कडेपेक्षा अधिक तापली होती.

तेथून जुळणीची स्पर्धा घेण्याचा विचार सुरू झाला. १९७३ मध्ये अमेरिकेत 'इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स' ही शर्यत सुरू झाली. वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींतील बारा नामवंत चालकांना तिच्यात एकसारख्या पोर्शे गाड्या दिल्या गेल्या. गाडी समान ठेवली की उरलेला फरक चालकाचा, हा तिचा आधार. आम्हाला याच्या नेमके उलट करायचे होते. चालक समान ठेवायचा. मग उरलेला फरक जुळणी करणाऱ्याचा. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग मंदावतो आणि कंपवातात हात ऐकत नाहीत. परंतु कारण शोधण्याची सवय आणि साठवलेले ज्ञान पुष्कळ काळ टिकू शकते. स्पर्धा त्या ज्ञानाची घ्यायची असेल, तर हातांचा संबंध तोडणे भाग होते.

समान काय, मोकळे काय

नियम करण्याचे काम माझ्याकडे आले. स्पर्धक चार : यजमान, आमचा मुलगा, नातू आणि नात.

या खेळात प्रत्येक गाडीला एक क्षमतांक असतो आणि त्यावरून तिचा वर्ग ठरतो. 'डी' वर्ग ५०० पर्यंत, 'सी' ६०० पर्यंत, 'बी' ७०० पर्यंत, असे ते वर्ग. अधिक शक्तीचे इंजिन, चांगले टायर, कमी वजन, काहीही बदलले की अंक बदलतो. परंतु अंक समान असला म्हणजे दोन गाड्या सारख्या झाल्या, असे होत नाही. एखादी सरळ रस्त्यावर सुसाट असते, एखादी वळणावर. घोड्यांच्या शर्यतीत गुणांकनानुसार पाठीवर वजन देऊन शर्यत समतोल करतात. तेथेही मैदान ओले झाले की हिशेब फिरतो. म्हणून केवळ अंकाच्या मर्यादेवर विसंबायचे नाही, सर्वांनी एकच गाडी घ्यायची, असे ठरले. गाडी निवडली १९६५ ची 'मिनी कूपर एस' आणि मर्यादा ठेवली ६०० ची. वेगवान गाडीत चालकाच्या लहानशा चुकीने सेकंद जातो आणि जुळणीचा गुण त्याखाली झाकला जातो. लहान, हलक्या गाडीत तो दिसतो.

दुसरा नियम : इंजिन मूळचेच ठेवायचे आणि पुढच्या चाकांना मिळणारी ओढही तशीच ठेवायची. खेळात परके इंजिन बसवण्याची किंवा चारही चाकांना ओढ देण्याची मुभा असते. ती दिली असती तर चार निरनिराळ्या गाड्या उभ्या राहिल्या असत्या. ६०० अंकांचा खर्च इंजिनावर, टायरवर की वजन घटवण्यावर करायचा, हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवायचे होते. सारेच बांधून टाकले तर स्पर्धा उरत नाही.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुळणी तपासण्यासाठी गाडी फिरवून पाहावी लागते. ज्याने त्याने स्वतः फिरवायची, असे ठरले असते तर नातवाने शंभर फेऱ्या मारल्या असत्या आणि यजमानांना एकही नीट जमली नसती. म्हणून सरावासाठी माझ्या भाच्याला चालक नेमले. प्रत्येक स्पर्धकाला त्याच्या वीस फेऱ्या मिळणार होत्या. शेजारी बसायचे, आलेख पाहायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे. यजमानांच्या वीस फेऱ्या चालल्या असताना मी खोलीत होते. "वळणात नाक बाहेर जातं का?" "ब्रेक सोडल्यावर जातं की ॲक्सिलरेटर दिल्यावर?" कार्यशाळेत चालकांना विचारायचे ते प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकू आले. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणाबाहेर सरकते, हे हेरून त्यांनी मागचा अँटी-रोल बार कडक करवला आणि पुढचा थोडा सैल.

मोजमाप

अंतिम फेऱ्यांसाठी सरावाशी संबंध नसलेला चालक हवा होता. मी शेजारच्या महाविद्यालयीन मुलीचे नाव सुचवले. त्यावर यजमान म्हणाले, "एकावर निकाल सोपवू नकोस. तीच बस एका ड्रायव्हरला हलकी लागते आणि दुसरा तिचीच तक्रार लिहून आणतो." त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. कोणी उशिरा ब्रेक लावतो, कोणी आधी, आणि जुळणी एकाच्या सवयीला अनुकूल ठरू शकते. त्या मुलीच्या भावालाही घेतले.

गाडी कोणाची, हे दोघांना कळू द्यायचे नव्हते. स्पर्धकांनी आपले आकडे पाकिटात घालून दिले. सूनबाईंनी ते खेळात भरले, चारही गाड्या पांढऱ्या रंगवल्या आणि जुळण्यांना फक्त क्रमांक दिले. आजोबांची गाडी आहे असे कळले असते तर त्या भल्या मुलांनी नकळत जोर लावला असता. ती मायाही आम्हाला मोजमापात नको होती.

चालक जसजसा रस्ता ओळखू लागतो, तसतसा तो वेगवान होतो. शेवटी आलेल्या गाडीला त्याचा फुकट लाभ मिळतो. म्हणून बहिणीने एक ते चार या क्रमाने गाड्या चालवल्या, भावाने चार ते एक. साधारण सारख्या लांबीचे दोन मार्ग घेतले, एक वळणांचा व एक मोकळा. हवामान कोरडे आणि वेळ दुपारची ठेवली. दर गाडीला दोन फेऱ्या हात बसण्यासाठी आणि पाच मोजणीच्या. भिंतीला धडक बसली, रस्ता सुटला किंवा चूक मागे फिरवून पुसली, तर ती फेरी बाद करून पुन्हा घ्यायची.

पाच वेळांची सरासरी न काढता मी मधली वेळ धरली. समजा वेळा ६२.४, ६२.६, ६२.७, ६२.९ आणि ६६.१ सेकंद आल्या. सरासरी येते ६३.३४, एका अडखळलेल्या फेरीने ती वर ओढली. मधली वेळ ६२.७ आहे आणि गाडीचे खरे रूप तीच सांगते. दोन मार्ग व दोन चालक यांच्या मिळून चार मधल्या वेळांची बेरीज हा निकाल. बेरजांत तीन दशांश सेकंदांहून कमी फरक असेल तर दोघे बरोबरीत. चालकाच्याच वेळा त्याहून अधिक हलतात. तेथे केसाएवढ्या फरकावर क्रमांक देणे न्यायाचे नव्हे.

आजाराचा विचार

हे सारे नियम चौघांना सारखेच होते. यजमानांसाठी म्हणून ज्या गोष्टी केल्या, त्या नियमांच्या बाहेरच्या होत्या. औषधाचा अंमल असतो तेव्हा त्यांना बरे वाटते आणि पुढच्या मात्रेची वेळ येईतो तो ओसरतो. स्पर्धेसाठी मात्रेची वेळ हलवली नाही; स्पर्धेची वेळ मात्रेला धरून ठेवली. या आजारात अक्षर बारीक होत जाते. म्हणून चौकटींचा कागद आणि जाड पेन्सिल दिली; एका चौकटीत एक आकडा. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि आवाज खाली जातो. तेव्हा मुलांना सांगितले, की आजोबांचा चेहरा कोरा दिसला म्हणून ते कंटाळले असे धरू नका, त्यांना विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

एक सावधगिरी मुद्दाम नोंदवते. पार्किन्सनवरील काही औषधांनी जुगार, खरेदी किंवा खेळ यांचे अनावर वेड लागू शकते. म्हणून आमच्याकडे पैजेचे पैसे नाहीत आणि बैठक पाऊण तासाची. रात्री उठून कोणी खेळत असेल किंवा पैसे खर्चत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. पडद्याच्या लखलखाटाने फेपरे आल्याचा इतिहास असेल, तरी आधी विचारून घ्यावे. या खेळाने कंपवात बरा होतो किंवा थांबतो, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

निकाल

दोन रविवारी अंतिम फेऱ्या झाल्या. नात पहिली आली. तिने अंकांचा मोठा भाग टायरवर खर्च केला होता. यजमान आणि मुलगा यांच्यात तीन दशांशांहून कमी अंतर होते, म्हणून दोघेही दुसरे. नातवाने सारे अंक इंजिनात घातले होते. त्याची गाडी मोकळ्या मार्गावर पुढे राहिली, वळणांच्या मार्गावर मात्र इतकी मागे पडली, की तो चौथा आला.

यजमान जिंकले नाहीत, याचे मला समाधान वाटले. त्याहून अधिक समाधान त्यांच्या वागण्याचे. त्यांनी माझा कागद मागून घेतला, सोळाही मधल्या वेळा स्वतः पुन्हा तपासल्या आणि बरोबरी मान्य नसल्याचे मुलाला सुनावले. मुलगाही हटला नाही. बापलेकांत जेवणाच्या ताटावर गिअरच्या प्रमाणावरून वाद झाला. आजार आल्यापासून मुलगा वडिलांशी वाद घालत नसे. सारे "हो बाबा, बरोबर आहे" यावर भागत असे. नातू मात्र रात्री पेन्सिल घेऊन आजोबांच्या पलंगावर जाऊन बसला. टायरला अंक किती द्यायचे, हे त्याला शिकायचे होते.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांच्या घरी असा व्हिडिओ गेम असेलच असे नाही. पण खेळाची फोड कोणालाही करता येते. आजाराने नेमके काय नेले आणि काय राहिले, हे आधी पाहावे. जे गेले त्याचे काम सर्वांच्याच हातून काढून घ्यावे आणि जे राहिले त्याची स्पर्धा घ्यावी. बुद्धिबळात सोंगट्या दोघांच्याही तिसऱ्याने हलवाव्यात. पत्ते सर्वांनीच लाकडी खाचेत उभे करावेत. एकट्या आजोबांसाठी सोय केली की ती सवलत वाटते. सर्वांसाठी केली की तो खेळाचा नियम होतो.

पुढच्या स्पर्धेसाठी 'फोक्सवॅगन बीटल' ठरली आहे. तिचे इंजिन मागे असते, त्यामुळे मिनीचे सारे आडाखे उलटतील. चालक निवडण्याचा अधिकार या वेळी यजमानांनी माझ्याकडून काढून घेतला आहे. मी नियम करते आणि माणसेही मीच नेमते, हे त्यांना न्यायाचे वाटत नाही.