उंबरठ्यातला गंज

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्याच्या मागील अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, फिकट निळ्या रंगाची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. हळदीच्या अडतीत आयुष्य घालविलेल्या अण्णांनी ती १९७८ साली घेतली. त्या काळी पैसा हाती असला तरी मोटार हाती येत नसे. नाव नोंदवून, अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली होती. आपल्याच मुलखातील व्यापारी घराण्याच्या मुलाने देशात मोटारींचा कारखाना उभा केला, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत. दुकानाच्या वहीत मात्र घटत्या शिलकीवर घसारा काढता काढता गाडीची किंमत काही रुपयांवर येऊन ठेपली होती. त्या पद्धतीने किंमत अगदी शून्य कधीच होत नाही, एवढाच काय तो दिलासा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. माणसे माडीवर गेली, दुकानातील शक्य तेवढा माल हलविला गेला. बॅटरी उतरलेली गाडी मात्र जागीच राहिली. अनेक दिवस ती बैठकीपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर घराघरांतून गाळ उपसला जात असताना अण्णांनी अंथरुणावरून पहिली चौकशी केली ती गाडीची. त्यांची प्रकृती तेव्हा खालावत चालली होती. त्यांचे चिरंजीव आप्पा यांनी दिवाळीपूर्वी गाडी धुऊन, नव्या गाद्या बसवून, रंगवून घेतली. पाडव्याच्या सकाळी अण्णांना उचलून तिच्यात बसविण्यात आले. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरविला आणि समाधानाने डोळे मिटले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

पुढची चार वर्षे गाडी जवळजवळ उभीच होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आप्पांच्या मुलाने ती पूर्ववत करण्याचे मनावर घेतले. निमित्तही तसेच होते. डिसेंबरात अक्कांच्या, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीच्या, मुलीचे लग्न होते आणि तिला आजोबांच्या गाडीतून सासरी जायचे होते. मुलाने वहीत अंदाजपत्रक मांडले : ब्रेक, कार्ब्युरेटर, दारांचे रबर, बंपरचा मुलामा, नवा रंग. बेरीज १,४०,००० रुपये. त्या यादीत गंज हा शब्द कोठेही नव्हता. कारण तो कोणालाही दिसलेला नव्हता.

पहिल्याच रविवारी डाव्या बाजूला जॅक लावला. दांडा फिरू लागला, पण गाडी उचलली जाईना. कुरकुर असा आवाज झाला आणि जॅकचे टोक दाराखालच्या पत्र्यातून सरळ आत घुसले. त्या भोकातून मूठभर तपकिरी चुरा खाली पडला आणि त्यामागून वाळलेला काळा गाळ. चार वर्षांपूर्वीचा पूर अजून गाडीच्या पोटात होता.

दुसऱ्या दिवशी डेंटिंगचे काम करणारे एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले आणि दाराखालच्या भागावरून फिरविले. काही ठिकाणी ते घट्ट चिकटले, काही ठिकाणी निसटून पडले. जिथे निसटले तिथे रंगाखाली पत्रा नव्हताच. नुसती पुटी होती. मग त्यांनी लहान हातोडीने ठोकून पाहिले. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. रबरी मॅट उचलली, तिच्याखालचे तागाचे नमदे काढले, तेव्हा चालकाच्या पायाखालची जमीन चाळणीसारखी झालेली दिसली.

अॅल्युमिनियमवर हवेने जो थर चढतो तो धातूला घट्ट धरून राहतो आणि त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, खपल्यांनी सुटतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा हवापाण्याच्या स्वाधीन करतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की त्यांना एकमेकांपासून फाकवतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. जमीन, खांब आणि दाराखालची पोकळ पेटी मिळूनच तिचा सांगाडा होतो. ही पेटी म्हणजे गाडीचा उंबरठा. त्यात गाळ बसला, पाणी निघून जाण्याची भोके बुजली आणि ओल आत कोंडली गेली. शेडची जमीन डावीकडे उतरती असल्याने डावी बाजू अधिक खंगली होती.

मिस्त्रींनी हात पुसले. "शेठ, दोन वाटा आहेत. पुटी भरून रंग मारला, तर पंधरा दिवसांत गाडी आरशासारखी होईल. कापून नवा पत्रा घालायचा म्हटलं, तर लग्नाला गाडी मिळणार नाही. पण मागच्या पाट्यांचा टेकूही इथेच आहे, तेवढं ध्यानात घ्या."

मुलगा म्हणाला, "आप्पा, लग्नापुरतं भागवून घेऊ. पुढे सवडीनं उघडू."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "२०१९ ला मीही हेच म्हणालो होतो. रंगाऱ्यानं विचारलं होतं, खालचा गाळ काढायचा का? मी म्हणालो, अण्णांना दाखवण्यापुरतं कर, पुढे सवडीनं बघू. गाडीत बसल्यावर अण्णांनी मला विचारलं, सगळं नीट झालं ना रे? मी हो म्हणालो."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही सांगितली नव्हती. मुलाने उत्तर दिले नाही. त्याने वही उघडली आणि अंदाजपत्रकाच्या तळाशी 'पत्रा व वेल्डिंग : ८५,०००' अशी ओळ लिहिली.

अक्कांना फोन करणे आप्पांना अवघड गेले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "माझी लेक त्यात बसणार होती ना? मग उघडा." लग्न दुसऱ्या गाडीने पार पडले.

त्यानंतर दुकान बंद असेल त्या दिवशी शेडमध्ये काम चाले. प्रथम बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ पेट्रोलची वाफही नको. उंबरठा कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या जोडल्या. तसे केले नसते तर सांगाडा मधोमध वाकला असता आणि दारे पुन्हा कधीच लागली नसती. तयार पत्रे मिळत नव्हते, म्हणून उजव्या, त्यातल्या त्यात शाबूत बाजूवरून पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि त्याबरहुकूम नवे तुकडे घडविले. कुजलेला भाग किती कापायचा, यावर मिस्त्रींचा एकच नियम होता : ग्राइंडरखाली चकचकीत लोखंड लागेपर्यंत. हाताच्या पंजाएवढे दिसलेले भोक अखेरीस दीड हात लांब झाले. मुलगा हताश होई, मिस्त्री म्हणत, "भोक आपण वाढवत नाही, ते होतंच. आपण फक्त मोजतोय."

सांध्यांच्या कोपऱ्यांत राहिलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, त्यावर रेड ऑक्साइड आणि मग रंग. नव्या उंबरठ्यात पाणी निघून जाण्याची भोके जागच्या जागी ठेवली आणि आतून पातळ केलेले मेण फवारले. एका टोकाला मात्र मूळ रचनेत नसलेली एक गोष्ट केली : अंगठ्याएवढे गोल छिद्र आणि त्यावर काढता-घालता येणारे रबरी बूच.

२०२४ च्या अक्षय्य तृतीयेला गाडी अंगणाबाहेर पडली आणि जयसिंगपूरला, अक्कांच्या लेकीच्या सासरी गेली. तिने नवा रंग पाहिला, गाद्यांवरून हात फिरविला. आप्पांनी मात्र आधी चालकाच्या पायाखालची मॅट उचलली आणि म्हणाले, "हे बघ." वेल्डिंगच्या शिवणी त्यांनी घासून नाहीशा करू दिल्या नव्हत्या. कोठे कापले आणि कोठे जोडले, ते कोणालाही दिसावे अशी त्यांची इच्छा होती. कापण्यापूर्वीची छायाचित्रे, बिले आणि ते बदललेले अंदाजपत्रक यांची एक फाइल आता गाडीच्या कागदपत्रांबरोबरच असते.

दर वर्षी पाऊस सरला की आप्पा शेडमध्ये जमिनीवर सतरंजी टाकून आडवे होतात. गुडघे कुरकुरतात, मुलगा "मी बघतो" म्हणतो, पण ते ऐकत नाहीत. रबरी बूच काढून ते छिद्रात बॅटरीचा झोत टाकतात, एक डोळा मिटून आत पाहतात, बोट घालून ओल तपासतात. मग बूच पुन्हा बसवून, उठता उठता मुलाला सांगतात, "लिही, कोरडं आहे." आणि मुलगा तारीख घालून वहीत तसे लिहितो.