आण्णांचा अर्ज

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमचे शेजारी आण्णा भल्या सकाळी दारी आले. संतपूरच्या शिवारात काळविटांच्या कळपाने त्यांचे कोवळे सोयाबीन दोन दिवसांत खुडून टाकले होते.

“गुरुजी, आपणांस कानडी लिहिता येते. एखादे काळवीट मारण्याची परवानगी मागा,” ते म्हणाले.

मी कायदा वाचून पाहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ११ व्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षक अशी सवलत लेखी कारणे नमूद करून देऊ शकतात. परंतु काळवीट पहिल्या अनुसूचीतले. ते मनुष्याच्या जिवावर उठले, अथवा बरे न होण्याइतके जायबंदी वा रोगी झाले, तरच परवानगी मिळते. उभ्या पिकाची नासाडी हे कारण दुसऱ्या अनुसूचीतील रानडुकरासारख्या प्राण्यांपुरतेच चालते.

“मग आमच्या पोटाला कोणती अनुसूची?” आण्णांनी विचारले.

मी निरुत्तर झालो. मुक्या जिवाला कायद्याचा आधार होता; उसने बियाणे पेरणारा हा मनुष्य मात्र रिकाम्या हातांनी उभा होता.

अखेर अर्ज लिहिला तो नुकसानभरपाईचा. पहाणीचा उतारा जोडला, पंचनामा झाला. रक्कम उशिरा आली आणि थोडीच आली. तोवर दुबार पेरणीची राखण आम्ही चार घरांनी आळीपाळीने केली.

वाचकहो, काळविटाला कायद्याने राखले, हे योग्यच झाले. आण्णांना राखण्याचे काम मात्र शेजाऱ्यांवर होते, हे मला त्या अर्जाने शिकविले.