मॉनिटरचाही दिवा जातो का?

पुणे, १२ मे

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. गेम सुरू करून अर्धा तास झाला की कॉम्प्युटर फट्कन बंद पडतो, दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्ड गेलं, बाबा म्हणतात गेमच बंद कर. मी तेव्हा फार काही बोलले नाही. अशा गोष्टी फोनवर सांगितल्या की अर्ध्या विसरल्या जातात आणि उरलेल्या उलट्या क्रमाने केल्या जातात. म्हणून हे पत्र. कीबोर्डशेजारी ठेव आणि एकेक वाचत कर.

आधी दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, म्हणण्याबद्दल, कारण तू त्यावर चिडला आहेस. गेममुळे चांगला कॉम्प्युटर बिघडत नाही. तू प्रोजेक्टचं टायपिंग करतोस, व्हिडिओ बघतोस, तेव्हा तुझं सगळं मशीन मिळून साधारण ऐंशी-शंभर वॅट खातं. गेम लागला की एकटं तुझं ३०६० टीआय कार्ड २०० वॅटपर्यंत जातं, प्रोसेसर सत्तरच्या पुढे, शिवाय रॅम, एसएसडी, पंखे, सगळे एकदम कामाला लागतात. दुसरं कुठलंही घरगुती काम सगळ्या भागांना एकाच वेळी असं राबवत नाही. घरातली वायर कच्ची असेल तर ते टीव्हीवर कळत नाही, गीझर लावल्यावर कळतं, तसंच हे. गेम बंद केलास तर दोष झाकला जाईल, जाणार नाही. उद्या कॉलेजात एखादं थ्रीडी मॉडेल रेंडर करायला लावशील तेव्हा तो पुन्हा डोकं वर काढेल. दादाला हे सांग, पण आवाज न चढवता सांग.

आता मुद्द्याचं. 'बंद पडतो' हे एक लक्षण नाही, त्यात चार-पाच वेगवेगळी लक्षणं आहेत, आणि दुकानदाराने त्यातलं एकही तुला विचारलं नाही याचा मला राग आला. गेम नुसताच मिटून डेस्कटॉप दिसला तर कॉम्प्युटर जिवंत आहे. तिथे गेमच्या फाइल्स, ड्रायव्हर किंवा रॅम यांच्याकडे बघायचं. पडदा काळा झाला, पण कॅबिनेटमधले पंखे फिरत राहिले, कधी जोरात घोंघावायला लागले, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. निळा पडदा येऊन इंग्रजीत काही लिहून आलं (नव्या विंडोज ११ मध्ये तो आता काळा केला आहे) तर विंडोजने स्वतःहून थांबायचा निर्णय घेतलेला असतो आणि जाताना कारणाचा कोड ठेवलेला असतो. चित्र गोठून आवाज एकाच सुरात चिकटला तर आणखी वेगळं. आणि काहीही न सांगता, एका क्षणात, बटण दाबल्यासारखं सगळं मेलं, तर मामला बहुतेक विजेचा किंवा उष्णतेचा.

तुझं लक्षण हे शेवटचं आहे. पण तू बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगून गेलास, "मॉनिटर पण जातो, एकदम अंधार." मी त्यावरच अडकून राहिले आहे. कॉम्प्युटरच्या आतलं काहीही बिघडलं, कार्ड जळालं, एसएमपीएसने, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याने, मान टाकली, तरी मॉनिटरला स्वतःची वीज भिंतीकडून मिळतच असते. तो 'नो सिग्नल' दाखवेल, त्याचा दिवा पिवळा होईल किंवा लुकलुकेल, पण विझणार नाही. मॉनिटरचा दिवाही गेला असेल तर वीज कॅबिनेटच्या आत नाही, बाहेरच तुटली आहे. आणि तुमच्याकडे ही दोन्ही यंत्रं ज्या एका डब्याला लावली आहेत तो म्हणजे दादाच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेला यूपीएस.

तो यूपीएस मी पाहिलेला आहे. मागे बहुधा ६०० व्हीए लिहिलेलं असेल, आणि त्याखाली बारीक अक्षरात ३६० वॅट. लोक मोठा आकडा वाचतात आणि तेवढे वॅट मिळतील असं धरून चालतात. खरी मर्यादा त्या छोट्या आकड्याची. आता हिशेब कर. कार्ड २००, प्रोसेसर ७५, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धर, झाले ३२५. एसएमपीएस भिंतीकडून घेतलेली सगळी वीज पुढे देत नाही, काही उष्णता होऊन जाते. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तरी भिंतीकडून ३८० वॅट लागले. त्यात मॉनिटरचे २५-३०. म्हणजे ४०० च्या वर. गेम सतत इतका भार टाकत नाही, म्हणून अर्धा तास निभावतं. मोठी लढाई, धूर, पाऊस असलं दृश्य आलं की काटा वर जातो.

आणि तुमच्या अकोल्यात मे महिन्याची संध्याकाळ. घरोघरी कूलर, एसी, पाण्याच्या मोटारी चालू. व्होल्टेज २३० वरून बरंच खाली येतं. असा यूपीएस आधी आतल्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उचलून धरायचा प्रयत्न करतो, तेव्हा त्यातून 'टक' असा रिलेचा आवाज येतो. तेवढ्याने भागलं नाही तर तो बॅटरीवर जातो. तू टाइप करत असशील तर तुला कळतही नाही. पण जुनी, थकलेली बॅटरी आणि वर चारशे वॅटचा भार, मग ती एक सेकंदही तग धरत नाही. म्हणून मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत: बंद पडायच्या आधी 'टक' ऐकू येतं का, आणि हे सकाळीही होतं की फक्त संध्याकाळी. आठवणीवर विसंबू नकोस. एक वही घे, तारीख, वेळ, कोणता गेम, काय दिसलं, काय ऐकलं, एवढं लिहीत जा.

चाचणी सोपी आहे. यूपीएस बाजूला ठेव. कॅबिनेट आणि मॉनिटर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लाव, त्याच गेममध्ये त्याच जागी जा, त्याच वेळी. चाचणीपुरतं लाइट जायचा धोका पत्कर. लावण्याआधी त्या सॉकेटचं अर्थिंग बघून घे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात असं वहिनी मागे म्हणाली होती, ते मी विसरलेले नाही. अर्थिंग तुटलेलं असलं की असं होतं. ते इलेक्ट्रिशियनकडून आधी नीट करून घ्या. कॉम्प्युटरसाठी नव्हे, तुमच्यासाठी.

भिंतीवर लावून गेम तासन्‌तास चालला तर कार्ड निर्दोष आहे. पंचवीस-तीस हजारांचं कार्ड वाचलं, हे मला आज सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

भिंतीवरही बंद पडला तर मात्र आत शिरावं लागेल. तेव्हाही लक्षात ठेव, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक एकाच दुपारी ड्रायव्हर बदलतात, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलतात, रॅमच्या पट्ट्या काढून घालतात, मग मशीन चालतं आणि कशाने चालतं ते कोणालाच ठाऊक नसतं. महिन्याने पुन्हा बंद पडलं की पुन्हा शून्यापासून.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल. ती पाहून घाबरू नकोस आणि तिलाच कारणही समजू नकोस. मशीन रीतसर बंद न होता थांबलं एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' समोर शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, म्हणजे पुन्हा विजेकडे बोट. आसपास 'व्हीया-लॉगर' च्या नोंदी असतील तर हार्डवेअरने स्वतःच चूक कबूल केली आहे. त्या मला जशाच्या तशा पाठव.

मग उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळतं. ते चालू ठेवून खेळ आणि त्याला सगळे आकडे फाइलमध्ये नोंदवायला सांग, म्हणजे मशीन मेलं तरी शेवटच्या सेकंदाचे आकडे राहतील. प्रोसेसर नव्वदीच्या आसपास पोचला की तो आधी वेग कमी करतो. कार्डही तसंच करतं. त्यामुळे नुसत्या उष्णतेने अचानक बंद पडण्याआधी बहुतेक वेळा गेम अडखळायला लागतो. तुझा अडखळत नाही म्हणालास. तरी कॅबिनेट उघडून धूळ काढच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. भिरभिरलं की बेअरिंग खराब होतं. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. हे तुला आत्या म्हणून नाही, लॅबमध्ये मुलांना शिकवणारी बाई म्हणून सांगते आहे.

एसएमपीएसवर संशय आला तर एक छान युक्ती आहे. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण आणि खेळ. गेम जरा हळू होईल. पण बंद पडणं थांबलं आणि तापमान आधीही ठीकच होतं, तर वीज कमी पडत होती. आजची कार्डं सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरती त्यांच्या सरासरीपेक्षा खूप जास्त वीज ओढतात. वॅटच्या मीटरवर ते दिसत नाही, पण एसएमपीएसला जाणवतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. हे इतकं वाढलं की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अटच घातली गेली. तुझ्या कार्डासाठी एनव्हिडिया ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तुझा ५५० चा आहे. चांगला असेल तर चालतो. '८० प्लस' चा स्टिकर चांगुलपणाचा पुरावा नव्हे, तो फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो.

रॅमचं राहिलं. पट्टीवर ३२०० लिहिलेलं असतं, पण तो वेग बहुतेकदा बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो, आणि प्रत्येक बोर्ड-प्रोसेसरच्या जोडीला तो झेपेलच असं नाही. एक्सएमपी बंद करून बघ. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लाव. त्यात एक जरी चूक निघाली तरी नापास. रॅममध्ये 'थोडंसं चुकतं' असं काही नसतं. प्रोसेसर तपासायला प्राइम९५ आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वॉल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधायला जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना जुंपणारा जो प्रकल्प सुरू केला, त्याचा हा प्रोग्रॅम. तो प्रचंड आकडेमोड करतो आणि स्वतःचीच उत्तरं तपासत जातो, त्यामुळे प्रोसेसर कुठे चुकला की लगेच सापडतो. गणितासाठी बनवलेली गोष्ट दुरुस्तीवाल्यांच्या हातात येऊन इतकी कामी आली, याचं मला फार अप्रूप आहे.

आणखी एक. पडद्यावर जो संदेश येतो तो खोटा नसतो, पण दोषी भलताच असू शकतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर अनरियल इंजिनचे गेम 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असं सांगून कोसळायचे. कार्डात भरपूर मेमरी, कार्ड धडधाकट. शेवटी २०२४ मध्ये इंटेलनेच जाहीर केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने तो आतून झिजत होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र दुरुस्तीने पूर्ववत होत नव्हता, बदलावाच लागत होता. त्या संदेशावर विश्वास ठेवून कोणी नवं कार्ड घेतलं असतं तर तेही तसंच कोसळलं असतं. तुझा प्रोसेसर रायझन आहे, तुझा याच्याशी संबंध नाही, पण दुकानदार पुन्हा 'कार्ड गेलं' म्हणाला तर त्याला शांतपणे म्हण, "हे कार्ड तुमच्या दुकानातल्या दुसऱ्या मशीनमध्ये घालून माझ्यासमोर तासभर चालवून दाखवा." चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

भिंतीवरची चाचणी रविवारी संध्याकाळी कर, आणि दादाला शेजारी बसव. खरंच बसव. मुलगा वेळ वाया घालवतो आहे असं त्याला वाटतं आहे. वही, वेळा, वॅटचा हिशेब हे त्याने स्वतः बघितलं की त्याला कळेल तू काय करतो आहेस. तो एमएसईबीत इतकी वर्षं होता, व्होल्टेज पडण्याचं तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही त्याला जास्त कळतं. संध्याकाळी मल्टिमीटर सॉकेटला लावून आकडा वाचायचं काम त्यालाच दे.

आणि मला दोन फोटो पाठव. एक यूपीएसच्या मागच्या लेबलचा. दुसरा एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलचा, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते नीट दिसू दे. त्या आकड्याला बाराने गुणलं की कार्ड-प्रोसेसरला खरे किती वॅट मिळणार ते कळतं. स्वस्त डब्यांवर पुढे ५५० लिहिलेलं असतं आणि हा गुणाकार बराच कमी भरतो. यूपीएसच दोषी निघाला तर नवा घेताना १००० व्हीएच्या खालचा घेऊ नका आणि त्याचे वॅट ६०० आहेत ना ते वाचूनच पैसे द्या. तोपर्यंत जुना यूपीएस राउटरला लावून टाक, तेवढ्याला तो पुरेल.

वहिनीला नमस्कार. अर्थिंगचं आधी.

तुझी,
सुमाआत्या