नांदी आणि नकार

१/ २३ जुलै २०२१. टोकियोचे ऑलिम्पिक क्रीडागार, महामारीमुळे प्रेक्षकांविना. देशोदेशींचे खेळाडू संचलनासाठी आत येऊ लागतात आणि पहिली जी रचना वाजते ती १९८६ सालच्या एका व्हिडिओ गेमची असते : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची नांदी. रचनाकार कोइची सुगियामा. आजचा हा धागा या संगीताविषयी आहे, तसाच इतिहासाच्या विद्यार्थिनीला ते ऐकताना पडणाऱ्या एका प्रश्नाविषयीही.

२/ सुगियामांचा जन्म १९३१ चा, टोकियोतला. दूरचित्रवाणीत नोकरी, मग जाहिराती, चित्रपट आणि लोकप्रिय गीतांचे संगीत असा त्यांचा प्रवास. एनिक्स कंपनीच्या शोगी या जपानी बुद्धिबळाच्या गेमवर त्यांनी अभिप्रायाचे कार्ड धाडले. त्यावरून कंपनीने त्यांच्याशी संपर्क साधला आणि पंचावन्नाव्या वर्षी हा प्रौढ संगीतकार मुलांच्या खेळासाठी रचना करू लागला.

३/ हाताशी साधने किती? निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनीच्या पाच वाहिन्या होत्या : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक निव्वळ खरखरीची आणि एक ध्वनिनमुन्यांची. तलवारीचा खणखणाट वाजला की त्यातलीही एखादी वाहिनी संगीताकडून हिरावली जाई. संपूर्ण गेम ६४ किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही.

४/ या टंचाईवर सुगियामांनी काढलेला तोडगा जुना होता. दोन-तीन सुरावटी एकमेकींना छेद देत, सावरत पुढे न्यायच्या, ही युरोपच्या बरोक काळातली रीत. म्हणून त्या गेममधल्या राजवाड्याचे संगीत दरबारी वाटते. रोल-प्लेइंग गेम खेळणारा तीच धून तासन्‌तास ऐकतो. तिने कान विटता कामा नयेत, ही खरी कसोटी होती.

५/ ऑगस्ट १९८७ मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हे संगीत प्रत्यक्ष वाद्यांवर सादर झाले. त्याच डिसेंबरात ‘फायनल फँटसी’ आला. त्याचे संगीतकार नोबुओ उएमात्सु स्वयंशिक्षित. २००३ मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये गेमच्या संगीताची सिम्फनी मैफल झाली; जपानबाहेरची या प्रकारची ती पहिली. करमणुकीच्या बाजारातील एक वस्तू सोळा वर्षांत अभिजात संगीताच्या सभागृहांत येऊन बसली.

६/ इथवरची कथा आनंदाची आहे. आता दुसरी बाजू.

७/ १४ जून २००७ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये पानभर जाहिरात आली. शीर्षक : ‘द फॅक्ट्स’. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी चालवलेल्या वेश्यागृहांत कोरिया, चीन, फिलिपिन्स आणि इतर प्रदेशांतील स्त्रियांना डांबले गेले. इतिहासात त्यांना ‘कम्फर्ट विमेन’ असे सौम्य नाव आहे. सैन्याने बळजबरी केल्याचा दस्तऐवज सापडलेला नाही, असा त्या जाहिरातीचा दावा होता. स्वाक्षरी करणाऱ्यांत सुगियामा होते. नानजिंगचे हत्याकांडही ते नाकारत.

८/ दस्तऐवज खरोखर नव्हते का? ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी कागदपत्रांचे ढीग जाळले. तरीही १९९२ मध्ये इतिहासकार योशिआकी योशिमी यांनी संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सैन्याचा सहभाग दाखवणारी कागदपत्रे शोधली. पुढच्या वर्षी जपान सरकारने कोनो निवेदनाद्वारे तो सहभाग मान्य केला, आणि अनेक स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध नेले गेले हेही.

९/ त्याआधी, १९९१ मध्ये, किम हाक-सुन ही कोरियन स्त्री स्वतःच्या नावानिशी जगासमोर बोलली होती. मला ती जाहिरात झोंबते ती इथे. माझा लघुप्रबंध १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी साक्षींवर आहे. हजेरीपटात अंगठा असतो, मजुरी असते. उपाशी लेकरू पदराखाली घेऊन किती कोस चालले, हे नसते. ते त्या आजीबाईच सांगतात. कागद नाही म्हणून बाईचे बोलणे खोटे, हा न्याय मान्य केला तर माझी अर्धी साधने आजच बाद होतील.

१०/ आणि रात्री त्या साक्षी लिहून काढताना माझ्या कानांत बहुधा सुगियामांचेच संगीत असते.

११/ मित्र म्हणतात, संगीताला शब्द नसतात, ते निर्दोष असते. खोलीत एकटीने ऐकताना मला हे पटते. क्रीडागारात मात्र पटत नाही. त्या सोहळ्याच्या आदल्याच दिवशी त्याचे दिग्दर्शक केंतारो कोबायाशी यांना, होलोकॉस्टवर १९९८ मध्ये केलेल्या विनोदापायी काढून टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी चीन आणि कोरियाचे खेळाडूही ज्या संचलनात चालले, त्याची नांदी सुगियामांची होती. दूरच्या इतिहासाविषयीची संवेदना जागी होती. स्वतःच्या इतिहासाविषयीची निजली होती. असा सोयीस्कर विसर फक्त जपानी माणसालाच पडतो, असे आपल्यापैकी कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल का?

१२/ सुगियामा ३० सप्टेंबर २०२१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. युद्ध संपले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांच्या नकाराची मुळे त्या कोवळ्या वयात असतील का, हा विचार मनात येतो. पण कारण समजणे म्हणजे माफी देणे नव्हे, हा धडा आपण पहिल्याच सत्रात शिकतो.

१३/ पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या अखेरीस खलनायक नायकापुढे सौदा ठेवतो : माझ्या बाजूला ये, अर्धे जग तुझे. ‘हो’ म्हणणाऱ्याचा खेळ तिथेच संपतो. मलाही दोन सौदे दिसतात. संगीत घे, जाहीरात विसर. किंवा जाहिरात लक्षात ठेव, संगीत टाकून दे. दोन्हींत अर्धेच जग हाती येते.

१४/ मी ते ऐकत राहणार आहे. मात्र कोणाला ही नांदी ऐकवीन तेव्हा सनटोरी हॉलसोबत १४ जून २००७ ही तारीखही सांगेन, आणि सुगियामांच्या नावासोबत किम हाक-सुन हे नावही. तुम्ही काय कराल, ते खाली अवश्य लिहा.